ट्रॅक्टर, जीप व अवजारांवरील रंगाचे टवके : घरच्या घरी दुरुस्ती

ट्रॅक्टर, ट्रॉली, पेरणी यंत्र किंवा घरची जीप यांवरील रंग केवळ शोभेसाठी असतो, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. प्रत्यक्षात रंग हे पत्र्याचे पांघरूण आहे. दगड उडून, फांदी घासून किंवा अवजार आदळून या पांघरुणाला नखाएवढे भोक पडले, तरी तेथून गंज आत शिरतो. बैलाच्या खांद्यावरची लहान जखम आपण दुर्लक्षित ठेवत नाही. रंगाच्या टवक्याकडेही त्याच नजरेने पाहावे. ही दुरुस्ती अवघड नाही. थोडे साहित्य, दोन-तीन दिवसांचा सवडीचा वेळ आणि योग्य क्रम एवढ्यावर ती घरी करता येते.

टवका लहान, नुकसान मोठे का?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे टवक्याच्या कडेचा चांगला रंगही तो खालून उचलतो. रंगाला प्रथम फुगवटा येतो, मग पोपडा सुटतो आणि उघडा भाग वाढत जातो. वरून ज्वारीच्या दाण्याएवढा दिसणारा डाग आत रुपयाएवढा पसरलेला असू शकतो.

क्षार असले की ही क्रिया अधिक वेगाने होते. कोकण किनाऱ्यावर खारी हवा हे काम करते, तर इतरत्र रासायनिक खते करतात. युरिया ३० अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील आर्द्रता सुमारे ७२ ते ७३ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा शोषू लागतो. पावसाळ्यात एवढी आर्द्रता सहज असते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये जवळपास निम्मा भाग क्लोराईडचा असतो व क्लोराईड पत्र्याला विशेष घातक आहे. बी-खत पेरणी यंत्राच्या पेटीत खताचे चार दाणे कोपऱ्यात राहिले आणि तेथेच रंग उडालेला असला, तर पेटीला भोक पडण्यास वेळ लागत नाही. मग खत गळते, काही ओळींना जादा तर काही ओळींना कमी मिळते. पेटीतील एका टवक्याची किंमत अशी उभ्या पिकात मोजावी लागते.

आधी टवक्याची खोली ओळखा

सर्व ओरखड्यांना एकच उपाय लागू पडत नाही. भाग धुऊन, कोरडा करून उजेडात नीट पाहावा.

१) ओरखडा पाण्याने ओला केल्यावर दिसेनासा होतो व नखाला अडकत नाही : जीप किंवा मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, फक्त तोच घासला गेला आहे. रंग लावण्याची गरज नाही. पॉलिश पुरेसे आहे.

२) आत राखाडी किंवा तांबूस थर दिसतो : वरचा रंग उडाला आहे, प्रायमर शाबूत आहे. स्वच्छ करून फक्त रंग लावावा.

३) चकचकीत पत्रा दिसतो : प्रायमर व रंग दोन्ही लावणे आवश्यक आहे.

४) तपकिरी डाग किंवा कडेला फुगवटा दिसतो : गंज सुरू झाला आहे. तो पूर्ण काढल्याशिवाय रंग लावू नये. गंजावर लावलेला रंग थोड्याच दिवसांत पोपड्यासह निघून येतो.

५) स्क्रू ड्रायव्हरने दाबल्यास पत्रा दबतो किंवा भोक पडते : हे काम रंगाचे नाही. पत्रा कापून नवीन तुकडा जोडून घ्यावा.

ट्रॉलीचा हूक, ड्रॉबार, थ्री-पॉइंट लिंकेजचे दुवे आणि वेल्डिंगचे सांधे येथे टवका दिसल्यास विशेष लक्ष द्यावे. रंगाला सरळ रेषेत चीर असेल, तर खाली धातूलाच तडा गेलेला असू शकतो. अशा जागी रंग लावून तडा झाकणे म्हणजे भरलेली ट्रॉली रस्त्यात सुटण्यास निमंत्रण देणे होय. आधी जाणकार वेल्डरला दाखवावे, रंगाचे नंतर पाहावे.

लागणारे साहित्य

१२०, ३२० व ६०० नंबरचे पॉलिश पेपर (शेवटचे दोन पाण्यात चालणारे घ्यावेत), तारेचा लहान ब्रश, धुण्याचा सोडा किंवा साबण, मिनरल टर्पेंटाईन, स्वच्छ सुती फडके, रेड ऑक्साईड प्रायमर, जुळणारा रंग, चित्रकलेचा शून्य किंवा एक नंबरचा ब्रश, दात कोरण्याच्या काड्या, कागदी चिकटपट्टी, हातमोजे व नाका-तोंडावरचा मास्क.

रंगाची निवड : ट्रॅक्टरचा रंग विक्रेत्याकडे कंपनी व मॉडेलचे नाव सांगून मिळतो. मोटारीच्या रंगाला सांकेतिक क्रमांक असतो. तो बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनाच्या कप्प्यातील पट्टीवर छापलेला आढळतो. डोळ्यांनी 'लालच तर आहे' असे म्हणून घेतलेला रंग ठिगळासारखा दिसतो. शिवाय जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो, म्हणून आधी आतल्या बाजूस एक ठिपका लावून, वाळल्यावर पाहावे.

रंगाची जात : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. अवजारांना बहुधा सिंथेटिक इनॅमल लावतात. ते टर्पेंटाईनने पातळ होते. गॅरेजमध्ये मिळणारा एन.सी. रंग तीव्र थिनरने पातळ करावा लागतो. हा थिनर इनॅमलला मऊ करतो आणि खालचा थर सुरकुतून वर येतो. म्हणून इनॅमलवर एन.सी. रंग लावू नये. दोन डब्यांतील द्रव मिसळून तयार होणाऱ्या पी.यू. रंगाच्या हार्डनरमध्ये फुप्फुसांना अपायकारक आयसोसायनेट असते. असा रंग घरी पंपाने फवारू नये, ते काम सोयी असलेल्या गॅरेजवर सोपवावे.

कामाची वेळ

पावसाळी, दमट हवेत किंवा मळणीची धूळ उडत असताना हे काम करू नये. हिवाळ्यात पहाटेचे दव पत्र्यावर बसते, म्हणून सकाळी दहानंतर सुरुवात करावी. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर रंग लावल्यास वरचा थर चटकन वाळतो, आतला ओला राहतो व बुडबुडे येतात. गाडी सावलीत, हवेशीर जागी उभी करावी. जवळ चूल, विडी किंवा ठिणगी पाडणारे यंत्र नसावे.

दुरुस्तीचा क्रम

१) धुणे : चिखल, खत व औषधाचे अंश साबणाच्या पाण्याने धुऊन काढावेत व भाग पूर्ण कोरडा करावा. ग्रीस, तेल टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसावे. तेल न काढता घासल्यास ते पत्र्यात अधिकच चोळले जाते. शेवटची पुसणी रॉकेलने करू नये, कारण रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो व रंग धरत नाही.

२) गंज काढणे : सुटे पोपडे तारेच्या ब्रशने काढावेत. नंतर १२० नंबरच्या पेपरने फक्त गंजाची जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावी. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरल्यास फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजनाशक द्रावण डब्यावरील सूचनेप्रमाणे वापरावे. हातमोजे घालावेत.

३) कडा उतरवणे : टवक्याच्या कडेला रंगाची पायरी असते. ३२० नंबरच्या पेपरने ती पाण्यासह गोलाकार घासून उतरती करावी. बोट फिरवल्यास पायरी जाणवता कामा नये. भाग कोरडा करून टर्पेंटाईनने हलके पुसावा. यानंतर त्या जागेला हात लावू नये, कारण घामातही क्षार असतात.

४) प्रायमर : उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा पातळ हात द्यावा. रात्रभर वाळू द्यावे व ६०० नंबरच्या पेपरने हलके घासून, पुसून घ्यावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर साधे रेड ऑक्साईड व इनॅमल नीट टिकत नाही. त्यासाठी दुकानातून जस्ताच्या पत्र्याचे वेगळे प्रायमर मागून घ्यावे.

५) रंग : डबा तळापासून चांगला ढवळावा. लहान टवक्यासाठी काडीच्या टोकावर रंगाचा थेंब घेऊन टवक्याच्या मध्यभागी टेकवावा. रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो. ब्रशने भिंतीसारखे फटकारे मारू नयेत. वाळताना रंग आकसतो, म्हणून एका जाड थराऐवजी दोन ते तीन पातळ थर द्यावेत. इनॅमलच्या दोन थरांत एक रात्र जाऊ द्यावी. चिकटपट्टी लावली असल्यास रंग अर्धवट ओला असतानाच काढावी.

६) पारदर्शक थर : मोटारीच्या धातूच्या चमकीच्या रंगावर शेवटी पारदर्शक लॅकरचा हात आवश्यक असतो. ट्रॅक्टर व अवजारांच्या इनॅमलला तो लागत नाही.

७) शेवट : आठवडाभर त्या जागेवर पॉलिश, मेण किंवा फवाऱ्याचे जोरदार पाणी मारू नये. रंग वरून कोरडा वाटला तरी आतून कठीण होण्यास वेळ लागतो.

नेहमी होणाऱ्या चुका

* ट्रॉलीला नुसता रेड ऑक्साईड लावून सोडून देणे. प्रायमर सच्छिद्र असतो, तो पाणी शोषतो. त्यावर रंग हवाच.
* जळालेले ऑईल सर्व यंत्रावर फासणे. त्याने रबरी नळ्या व पट्टे फुगून खराब होतात, धूळ चिकटते आणि पुढे तेथे रंग धरत नाही. बियाण्याच्या पेटीत तर ते मुळीच लावू नये.
* नको तेथे रंग लावणे. हायड्रॉलिकचा चकचकीत दांडा, रेडिएटरच्या जाळ्या, ग्रीस निपल, चेसिस क्रमांकाची जागा व बॅटरीच्या अर्थ वायरचा सांधा यांना रंग लागू देऊ नये. सायलेन्सरला साधा रंग जळून जातो, त्यास उष्णतारोधक रंगच हवा.
* नांगराचा फाळ व कल्टिव्हेटरची पाती रंगवणे. मातीत तो रंग पहिल्याच तासात निघतो. हंगाम संपल्यावर स्वच्छ करून ग्रीस लावणे पुरेसे आहे.
* बॅटरीच्या बैठकीवर तसाच रंग देणे. आधी बॅटरी उतरवावी, सांडलेले आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन निष्क्रिय करावे, साध्या पाण्याने धुवावे व कोरडे झाल्यावरच रंगवावे.

सुरक्षितता

जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा ९० भाग प्रति दशलक्ष ठरवणारे नियम २०१६ साली झाले व २०१७ पासून लागू झाले. यंत्रांचे औद्योगिक रंग त्या नियमांत येत नाहीत. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, पाणी लावूनच घासावा. मास्क वापरावा, मुले व जनावरे दूर ठेवावीत आणि घासलेला गाळ गोठ्यात, विहिरीजवळ किंवा शेतात टाकू नये. टर्पेंटाईनचे बोळे गोळा करून ढीग न लावता उघड्यावर पसरून वाळवावेत, कारण तेलकट रंगाचे बोळे साठून आपोआप पेट घेऊ शकतात.

वर्षाचे वेळापत्रक

वर्षातून दोन वेळा पाहणी ठेवावी. पहिली मे महिन्यात, म्हणजे पावसापूर्वी पत्रा झाकला जातो. दुसरी दिवाळीच्या सुमारास, म्हणजे खरिपात पडलेले टवके कोरड्या हवेत भरता येतात. खत पेरणी संपली की त्याच दिवशी पेटी रिकामी करून धुवावी व उन्हात वाळवावी. किनारपट्टीवरील बागायतदारांनी गाडीचा खालचा भाग वरचेवर गोड्या पाण्याने धुवावा. पाहणी करताना सापडलेला प्रत्येक टवका खडूने गोल करून ठेवावा, म्हणजे काम करताना एकही सुटत नाही.

यंत्राची घसारा किंमत आपण टाळू शकत नाही, परंतु गंजाने होणारी झीज बऱ्याच अंशी टाळू शकतो. विकावयाच्या वेळी गिऱ्हाईक प्रथम पत्रा व सांधे पाहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ऐन पेरणीच्या वाफशाला यंत्र पेटी गळते म्हणून उभे राहत नाही. तेव्हा रंगाचा लहान डबा व बारीक ब्रश अवजारांच्या खोलीत पान्यांच्या शेजारीच ठेवावा आणि टवका दिसताच त्याच आठवड्यात भरून घ्यावा.