रणगाड्याची बॅटरी आणि घरातील मूल

नगरचे (आताचे अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. ते पाहून आलेली आपल्या राहात्याची मुले रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्याचा हट्ट धरतात. असाच हट्ट पुरवलेले एक आजोबा परवा नातवाला घेऊन माझ्याकडे आले. रणगाड्याचा चार्जर हरवला, म्हणून दुसऱ्या खेळण्याचा जोडून बॅटरी रात्रभर गादीवर ठेवली होती. सकाळी ती फुगून तापली होती. नातवाने ती उचलली आणि बोटे भाजली. वर टूथपेस्ट लावलेली! (भाजल्यावर वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरावे, दुसरे काही लावू नये.)

"डॉक्टर, पिन तर बरोबर बसत होती," आजोबा म्हणाले.

पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नव्हे. निकेलचा एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून सहा सेलची बॅटरी ७.२ व्होल्टची. लिथियम-आयनचा सेल ३.७ व्होल्टचा, म्हणून दोन सेलची ७.४. आकडे जवळचे, पण भरण्याची रीत निराळी. निकेलचा स्वस्त चार्जर वीज सोडतच राहतो. लिथियमचा सेल साधारण ४.२ व्होल्टला थांबवावा लागतो. न थांबवल्यास आत वायू होतो, बॅटरी फुगते, पेटूही शकते. तेव्हा बॅटरीवरील प्रकार आणि व्होल्ट वाचून त्यासाठीचाच चार्जर घ्यावा. लहान मुलांसाठी मी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी सुचवतो. रणगाडा थोडा जड होईल, होऊ द्या. १५०० एमएएचच्या बॅटरीला ३०० मिलिअँपिअरचा चार्जर सहा-सात तास घेतो, त्यामुळे घड्याळ पाहून काढावी. चार्जिंग फरशीवर, दिवसा, मोठ्यांच्या नजरेखाली करावे. फुगलेली बॅटरी पुन्हा जोडू नये. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते पाहूनच खरेदी करावी.

याहून मोठा धोका काही छोट्या रिमोटमधील बटण सेलचा. रुपयाच्या नाण्याएवढा, वीस मिलिमीटरचा लिथियम सेल धाकट्या भावंडाच्या अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या त्वचेतून वीज वाहून तेथे दाहक क्षार तयार होतो. दोन तासांत खोल जखम होते. सेल 'संपलेला' असला तरी त्यात तेवढा जोर उरतो. लाळ गळणे, खाताना रडणे, खोकला ही लक्षणे दिसतात. कधी काहीच दिसत नाही. म्हणून रिमोटचे झाकण स्क्रूने बंद होणारेच हवे.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, केळे-भात खाऊ घालून 'खाली उतरेल' म्हणून थांबू नये. मूल एक वर्षावरील असेल, त्याला गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, सहा वेळांपेक्षा जास्त नको. मध शोधण्यात मात्र वेळ घालवू नये. दुर्बिणीने सेल काढण्याची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठून लगेच एक्स-रे काढावा. रिमोटमधील दुसरा सेल किंवा खोका सोबत न्यावा.