दोघींचा डाव : महिला दुहेरी टेनिसची ओळख

आपल्या भेस्तान स्थानकावरून दक्षिणेस जाणारा लोहमार्ग मुंबईत चर्चगेट येथे संपतो. तेथून पायी थोड्याच अंतरावर ब्रेबॉर्न स्टेडियम आहे. क्रिकेटसाठी विख्यात असलेल्या या जागी, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या टेनिस कोर्टांवर, २०१७, २०१८, २०२४ आणि २०२५ या वर्षी स्त्रियांच्या व्यावसायिक टेनिसची ‘मुंबई ओपन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. अशा स्पर्धेचे एकेरी आणि दुहेरी असे दोन मुख्य विभाग असतात. वर्तमानपत्रांतील ठळक मथळे बहुधा एकेरीच्या वाट्यास येतात. दुहेरीचा निकाल शेवटच्या दोन ओळींत आटोपतो. परंतु त्या दोन ओळींमागे जो खेळ असतो, तो विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे.

प्रथम मैदान पाहू. टेनिसच्या कोर्टाची लांबी ७८ फूट असते. एकेरीसाठी रुंदी २७ फूट धरतात. दुहेरीसाठी दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या खेळात घेतात, म्हणजे रुंदी ३६ फूट होते. जाळे मध्यभागी तीन फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट उंच असते. आता साधे गणित करा. एकेरीत एका खेळाडूने २७ फूट सांभाळावयाचे. दुहेरीत प्रत्येकीच्या वाट्यास १८ फूटच येतात. तेव्हा दुहेरी हा सोपा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात तसे नाही. कडेच्या रेषा प्रत्येकीच्या ठरलेल्या असतात. पण चेंडू दोघींच्या बरोबर मधून आला तर तो कुणाचा? दोघी धावल्या तर रॅकेटवर रॅकेट आदळते. दोघी थांबल्या तर चेंडू निघून जातो आणि गुण प्रतिपक्षास मिळतो. दुहेरीतील कितीतरी गुण या मधल्या जागेतच हरले व जिंकले जातात.

म्हणून चांगली जोडी या प्रश्नाचे उत्तर खेळापूर्वीच ठरवून ठेवते. बहुधा जिचा फोरहँड मधल्या बाजूस असेल तिने तो चेंडू घ्यावा, असा संकेत असतो. सर्व्हिस करणारी मागील रेषेवर उभी असते आणि तिची सहकारी जाळ्याजवळ. ही पुढची खेळाडू आपला हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करते : सर्व्हिस कोठे टाकावी, आणि मी जागेवर राहणार की आडवी धावून चेंडू मधेच अडविणार. ती आडवी धावली की तिची मोकळी झालेली बाजू मागचीने तत्काळ भरून काढावयाची. मागे वळून पाहण्यास वेळ नसतो. विश्वास ठेवावा लागतो.

आमच्या कोकणात गणपतीच्या दिवसांत मुली फुगडी घालतात. हात गुंफून दोघी मागे रेलतात आणि गरगर फिरतात. प्रत्येकीचा तोल दुसरीच्या हातांत असतो. एकीने हात सैल सोडला तर दोघी पडतात. एकटीने फुगडी घालता येत नाही, आणि एक उत्तम व दुसरी बेफिकीर असेल तरीही ती रंगत नाही. दुहेरी टेनिसचे मर्म नेमके हेच आहे. एकेरीतील दोन नामांकित खेळाडू एकत्र केले म्हणजे आपोआप चांगली जोडी तयार होत नाही. जोडी ही शिकण्याची आणि घडविण्याची गोष्ट आहे.

व्यावसायिक स्पर्धांतील दुहेरीचे गुणदानही थोडे निराळे आहे. डाव ४०-४० असा बरोबरीत आला की महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धांत पुढचा एकच गुण निर्णायक ठरतो. त्या वेळी सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यावयाची हे घेणारी जोडी ठरविते. दोन्ही जोड्यांनी एकेक सेट जिंकला तर पूर्ण तिसरा सेट न खेळता दहा गुणांचा टायब्रेक खेळतात. त्यात दोन गुणांची आघाडी आवश्यक असते. विम्बल्डनसारख्या चार प्रमुख स्पर्धांत मात्र तिसरा सेट खेळला जातो. सोळा जोड्यांच्या स्पर्धेत अजिंक्यपदासाठी चार सामने जिंकावे लागतात. जोडीतील दोघी एकाच देशाच्या असाव्यात असे बंधन नाही. २०२२ मधील चेन्नई ओपनची दुहेरी कॅनडाची गॅब्रिएला डाब्रोव्स्की आणि ब्राझीलची लुइसा स्टेफानी यांनी जिंकली.

विम्बल्डनमध्ये महिला दुहेरीची स्पर्धा १९१३ पासून खेळली जाते. स्त्रियांना या खेळातून रीतसर उपजीविका मिळावी यासाठी मात्र पुढे झगडावे लागले. त्यात अग्रणी असलेल्या अमेरिकेच्या बिली जीन किंग यांनी १९७३ साली महिला टेनिस संघटना स्थापन केली. किंग यांनी विम्बल्डनमध्ये एकेरीची सहा, तर दुहेरीची दहा अजिंक्यपदे मिळविली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडील इतिहासही अभिमानास्पद आहे. संस्कृत लेखिका पंडिता क्षमाबाई राव या स्वतः टेनिसपटू होत्या. त्यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. तेथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. ग्रंथ आणि रॅकेट एकाच घरात सुखाने नांदत होती.

त्यानंतर ८१ वर्षांनी, ११ जुलै २०१५ रोजी, मुंबईत जन्मलेल्या व हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झा यांनी स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिस यांच्यासह विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली. प्रतिस्पर्धी रशियाच्या माकारोव्हा आणि व्हेस्निना होत्या. पहिला सेट ५-७ असा गेला, दुसरा ७-६ असा हाती आला. तिसऱ्यात २-५ अशी पिछाडी असताना या जोडीने हात सैल सोडला नाही आणि तो सेट ७-५ असा जिंकला. त्याच वर्षी अमेरिकन आणि २०१६ च्या आरंभी ऑस्ट्रेलियन स्पर्धाही त्यांनी जिंकली. या काळात त्यांनी सलग ४१ सामने जिंकले.

आता आपल्या अधिक जवळचे उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे तालुक्याचे गाव. तेथील प्रार्थना ठोंबरे यांनी २०१४ साली इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सानिया मिर्झा यांच्यासह महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळविले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही हीच जोडी भारतातर्फे उतरली. पहिल्याच सामन्यात चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई यांनी त्यांना तीन सेटमध्ये हरविले. पण बार्शीची मुलगी ऑलिंपिकच्या कोर्टावर उभी राहिली, ही गोष्ट त्या पराभवाने लहान होत नाही. महाराष्ट्राच्याच ऋतुजा भोसले यांनी २०२३ साली हांगचौ येथे रोहन बोपण्णा यांच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. पहिला सेट २-६ असा गमावून पुढचा ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा त्यांनी घेतला.

हा व्यवसाय सोपा आहे असे आम्ही म्हणणार नाही. दुहेरीचे पारितोषिक एकेरीहून कमी असते, तेही दोघींत वाटले जाते. प्रवास, निवास आणि प्रशिक्षण यांचा खर्च मात्र थांबत नाही. पण आमचे सांगणे पालकांस थोडे निराळे आहे. मुलगी आठवी-नववीत गेली की ‘आता खेळ पुरे’ असे अनेक घरांत सहज म्हटले जाते. त्या वाक्याबरोबर केवळ पदकाची शक्यता संपते असे नव्हे. दुसरीवर विश्वास कसा ठेवावा, तिची चूक आपली कशी मानावी, हरल्यावर तिच्याशी कसे बोलावे, हे शिकण्याची एक शाळाही बंद होते. टेनिसचे कोर्ट नसेल तर बॅडमिंटनचे जाळे बांधावे. तेही नसेल तर अंगणातील फुगडी आहेच.

आणि विद्यार्थिनींनो, जोडीने खेळताना मधला चेंडू आला तर ‘तुझा होता’ असे मागाहून म्हणू नका. चेंडू येण्यापूर्वीच ठरवा. आणि ठरले नसेल, तर ‘माझा’ म्हणून पुढे व्हा.