आरंभीची वेबपृष्ठे : अंतरंग आणि बहिरंग

(द्वितीय वर्ष, कला)

शीर्षक वाचून कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे काही वाचकांस वाटेल. परंतु साहित्यसमीक्षेच्या तासाला आपण आशय आणि आकृतिबंध या जोडीची जी चर्चा करतो, नेमका तोच प्रश्न १९९० ते २००० या दशकात वेबपृष्ठे रचणाऱ्यांपुढे उभा होता. त्यांनी त्याचा जो निकाल लावला त्याची झळ आपल्या लिपीलाही लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

वेबचा जन्म जिनिव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेत झाला. तेथील टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपली योजना कागदावर मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिले वेबपृष्ठ तयार केले. सर्नमध्ये निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ येत. त्यांचे संगणकही निरनिराळ्या जातींचे. एकाचा कागद दुसऱ्याच्या यंत्रावर उघडेल याची शाश्वती नसे. ही अडचण दूर करण्यासाठी त्यांनी एचटीएमएल नावाची खुणांची भाषा योजली.

ही कल्पना छापखान्याला अपरिचित नाही. हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्यापूर्वी संपादक त्यावर खुणा करीत असे : हे शीर्षक, येथे नवा परिच्छेद, हा शब्द ठळक टायपात. अशा खुणा करण्यालाच इंग्रजीत मार्कअप म्हणतात. वेबपृष्ठात या खुणा कोनी कंसात लिहितात. मजकुराच्या आधी एक आणि नंतर तिरपी रेघ घातलेली दुसरी. १९९१ च्या सुमाराच्या पहिल्या टिपणात अशा जेमतेम अठरा खुणा होत्या. शीर्षकाच्या, परिच्छेदाच्या, यादीच्या, पत्त्याच्या. आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे एका पृष्ठातून दुसऱ्याकडे नेणाऱ्या दुव्याची.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या खुणांपैकी रंग, अक्षराचे वळण किंवा समास यांविषयी बोलणारी खूण जवळजवळ नव्हतीच. ‘हे शीर्षक आहे’ एवढेच पृष्ठ सांगे. ते मोठ्या टायपात दाखवायचे की अधोरेखित करायचे, हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचे. याचा पहिला लाभ लगेचच दिसला. निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने सर्नमध्ये असताना एक असा ब्राउझर लिहिला की जो चित्र दाखवू न शकणाऱ्या साध्यातल्या साध्या यंत्रावरही चाले. पृष्ठ तेच, एका पडद्यावर ते सुबक दिसे, दुसऱ्यावर नुसत्या ओळी येत. अर्थ मात्र दोन्हीकडे शाबूत.

सर्नने आपल्या आद्य पृष्ठाची १९९२ सालची प्रत २०१३ मध्ये पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवली. ती मी माझ्या मोबाईलवर उघडून पाहिली. तीस वर्षांहून जुने ते पान ओळी आपोआप मोडून घेत पडद्यात चपखल बसले. ज्या यंत्राची त्या वेळी कोणी कल्पनाही केली नसेल, त्यावर ते बिनतक्रार वाचता येते.

मग बहिरंगाचा आग्रह कोठून आला? त्याचा आरंभ चित्रांपासून झाला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी १९९३ मध्ये मोझॅक हा ब्राउझर केला आणि मजकुराच्या मधोमध चित्र बसविण्याची सोय दिली. चित्रे प्रामुख्याने जिफ या प्रकारची असत. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ साली काढलेल्या या प्रकारात एका चित्रात फार तर २५६ रंग मावत. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या जोडणीचा वेग किती बेताचा होता पाहा : २८.८ किलोबिटच्या मोडेमने एका सेकंदात फार तर ३,६०० अक्षरांएवढा मजकूर येई. म्हणजे ३६,००० बाइटचे एक चित्र उतरायला किमान दहा सेकंद! वाचक कंटाळू नये म्हणून चित्राच्या ओळी चार फेऱ्यांत पाठवीत. आधी धूसर आकृती उमटे, मग ती हळूहळू स्पष्ट होई. ज्यांना चित्र दिसणारच नाही त्यांच्यासाठी पर्यायी शब्द देण्याचीही सोय होती. परंतु पुष्कळ जण ती जागा रिकामीच ठेवीत.

डिसेंबर १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आला आणि सजावटीला ऊत आला. मजकूर मध्यावर आणणारी खूण, अक्षरे लहानमोठी करणारी खूण, पार्श्वभूमीला फरशीसारखे पुन्हा पुन्हा लागणारे चित्र, उघडझाप करणारी अक्षरे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने त्यात पडद्यावर सरकत जाणारी ओळ आणली. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या खुणा काढल्यामुळे ‘हे पृष्ठ अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसते’ अशी पाटी पानावर लावण्याची प्रथा पडली. सर्व यंत्रांवर चालावे म्हणून जन्मलेल्या भाषेवर ही वेळ यावी, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

यांपैकी कोष्टकाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. आकडेवारी मांडता यावी म्हणून कोष्टकाच्या खुणा आल्या. १९९५ मध्ये नेटस्केपने त्या स्वीकारल्या. पण पृष्ठे रचणाऱ्यांच्या ध्यानात आले की कोष्टकाच्या रेघा अदृश्य केल्या तर त्याच्या घरांत वाटेल ते बसविता येते. डाव्या घरात दुव्यांची यादी, मधल्यात लेख, वरच्यात नाममुद्रा. वर्तमानपत्रासारखे स्तंभ पाडण्याची दुसरी सोपी सोय नव्हतीच. मग कोष्टकाच्या पोटात कोष्टक, त्याच्याही पोटात आणखी एक. एखादे घर रिकामे राहून आक्रसू नये म्हणून त्यात एका बिंदूएवढे पारदर्शक जिफ चित्र घालीत आणि त्याला हवे तेवढे ताणीत. डेव्हिड सीगल या रचनाकाराने १९९६ च्या आपल्या पुस्तकातून ही युक्ती लोकप्रिय केली आणि पुढच्याच वर्षी ‘वेबचा नाश झाला आणि तो मीच केला’ अशा अर्थाचा लेखही लिहिला. जे दिसत नाही तेच चित्र सर्वाधिक वापरले जावे, यातली गंमत रसिकांनी अनुभवावी.

गमतीचा भाग सोडला तरी परिणाम गंभीर होते. अंध वाचकांसाठी पृष्ठ मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावल्या कोष्टक घराघराने वाचतात. त्यांना लेखाआधी डाव्या बाजूची सगळी यादी ऐकावी लागे. कोष्टकाची रुंदी एकदा ६०० बिंदूंना बांधली की लहान पडद्यावर ते मावत नाही. १९९७ च्या सुमाराची काही जतन केलेली पृष्ठे मी त्याच मोबाईलवर पाहिली. अक्षरे मुंगीएवढी दिसतात आणि वाचायला पान बोटाने आडवे ओढावे लागते. अधिक जुने पान नीट बसते, नंतरचे बसत नाही.

पडद्याचे तुकडे पाडणाऱ्या फ्रेम्स, सर्व यंत्रांवर सारखे दिसणारे २१६ रंग यांविषयी पुष्कळ लिहिता येईल. पण ते आता केवळ इतिहासजमा आहे. बहिरंगाचे नियम वेगळ्या कागदावर लिहावेत आणि खुणांना अर्थापुरते मोकळे ठेवावे, ही सूचना हॉकॉन ली यांनी सर्नमध्येच ऑक्टोबर १९९४ मध्ये केली होती. तिला सीएसएस म्हणतात. तिचा पहिला मसुदा डिसेंबर १९९६ मध्ये संमत झाला, पण ब्राउझरांनी तो धडपणे पाळायला आणखी काही वर्षे घेतली. तोपर्यंत कोष्टकांचे राज्य चालू राहिले.

या काळाची एक बाजू मात्र मला फार मोलाची वाटते. ब्राउझरमध्ये ‘मूळ मजकूर पाहा’ अशी एक आज्ञा असे. संगणकावर ती आजही आहे. तिने कोणतेही पान आतून उघडता येई. एखाद्याचे कोष्टक आवडले की ते उघडा, खुणा वाचा, उतरवून घ्या आणि आपला मजकूर घाला. साधन म्हणून अगदी साधा मजकूर-संपादक पुरे. जिओसिटीज या संस्थेने तर पृष्ठ ठेवायला फुकट जागा दिली. तिने ‘हॉलीवूड’, ‘अथेन्स’ अशा नावांच्या आळ्या पाडल्या होत्या आणि प्रत्येकाला घरक्रमांक मिळे. गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त मंडळी यांनी तेथे आपापली पृष्ठे उभारली. वाचकसंख्या मोजणारा आकडा, अभिप्रायवही, ‘काम चालू आहे’ अशी फावड्याची हलती पाटी ही त्यांची ठरलेली सजावट. आकडा व वही चालविणाऱ्या छोट्या आज्ञावल्या पुष्कळदा पर्ल भाषेत लिहिलेल्या असत, आणि त्याही लोक एकमेकांकडून घेत. जाणकार या पृष्ठांना हसत. मला हसू येत नाही. माझ्या घरातून महाविद्यालयात येणारा मी पहिलाच; कोणाला विचारावे हे ज्याला ठाऊक नसते, त्याला उघडून पाहता येणारी वस्तू हाच मोठा गुरू असतो. जिओसिटीज १९९९ मध्ये याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील ती वस्ती बंद झाली. काही हौशी मंडळींनी धावपळ करून त्यातला बराच भाग वाचविला.

आता आपल्या लिपीकडे वळू. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मराठी पृष्ठे लिहू इच्छिणाऱ्यांपुढे प्रश्न होता तो अक्षरांचाच. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान होते, पण घरोघरच्या संगणकांना ती दाखविता येत नव्हती. तेव्हा लोकांनी अक्षराचे वळण सांगणारी, म्हणजे शुद्ध बहिरंगाची, खूण हाती धरली. असा फॉण्ट तयार केला की ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. पृष्ठात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच लिहिलेली. वरून मराठीचा मुखवटा. वाचकाने तो फॉण्ट आधी उतरवून घ्यायचा. तो नसेल तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग. शिवाय प्रत्येक संकेतस्थळाचा फॉण्ट निराळा, मांडणीही निराळी. पुढे फॉण्ट पृष्ठाबरोबरच पाठविण्याची सोय निघाली, परंतु तीही नेटस्केपची एक आणि मायक्रोसॉफ्टची दुसरी.

यात व्याकरणाच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ‘किरण’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, उच्चारली जाते क नंतर. मुखवट्याच्या पद्धतीत ती दिसते तशी, म्हणजे क च्या आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे क च्या मागे साठविली जाते. रफाराचे उलट. ‘अर्थ’ मध्ये तो थ च्या डोक्यावर असतो म्हणून जुन्या पद्धतीत थ नंतर येई. युनिकोडमध्ये र आणि हलन्त ही थ च्या आधी येतात. एक पद्धत डोळ्याची, दुसरी जिभेची. डोळ्याच्या पद्धतीत लिहिलेला मजकूर वर्णानुक्रमे लावता येत नाही, त्यात शब्द शोधता येत नाही, कारण यंत्राच्या लेखी तेथे मराठी नसतेच.

डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० या आवृत्तीने वळण सांगणारी खूण टाळावी असे सुचविले आणि युनिकोडचा वर्णसंच आधारभूत मानला. या दोन्ही गोष्टी एकाच दस्तऐवजात असाव्यात हे मला सूचक वाटते. विंडोज २००० मध्ये रा. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉण्ट आला, आणि मुखवट्याशिवाय मराठी लिहिण्याची वाट खुली झाली.

तथापि मधल्या वर्षांत लिहिलेले गेले कोठे? जतन केलेल्या त्या काळच्या काही मराठी पृष्ठांवर आज चित्रे दिसतात, चौकटी दिसतात, मजकूर तेवढा वाचता येत नाही. फॉण्टची फाइल जपलेली नाही. छापखान्यांतही हीच स्थिती. या वार्षिकाच्या काही जुन्या अंकांच्या सीडी ग्रंथालयात आहेत, त्यातील मजकूर अशाच मुखवट्याच्या फॉण्टात आहे. सुदैवाने छापील अंक सोबत असल्याने कोणत्या इंग्रजी अक्षराखाली कोणते देवनागरी चिन्ह आहे याचा तक्ता करता येतो. एका अंकातील पाच पृष्ठांचा तक्ता मी ग्रंथपालांच्या परवानगीने केला आहे. वेलांटी आणि रफार यांची जागा बदलण्याचे नियम बसले. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धचंद्राकृती र साठी मात्र त्या फॉण्टात दोन निरनिराळी चिन्हे वापरलेली दिसतात. ती कोठे कोणती येतात हे उरलेली पृष्ठे तपासल्यावर कळेल. ज्या विद्यार्थ्यांना या कामात रस असेल त्यांनी दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात भेटावे.