नीलमोहराचें मूळ घर

उन्हाळ्याच्या आरंभीं निळसर जांभळ्या, घंटेच्या आकाराच्या फुलांनीं भरलेला नीलमोहर तुमच्यांपैकीं पुष्कळांनीं पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर पाहिला असेल. नांवावरून तो गुलमोहराचा भाऊ वाटतो. परंतु तसें नाहीं. गुलमोहर शेंगाधारी कुळांतला, तर नीलमोहर आपल्या टेटू व पाडळ या वृक्षांचा आप्त होय. इतरत्र त्यास जॅकरंडा म्हणतात. डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें.

हा वृक्ष मूळचा कोठला? दक्षिण अमेरिकेंत, अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील उतारांवर, वायव्य अर्जेंटिना व दक्षिण बोलिव्हिया येथील रानांत तो आपोआप उगवतो. तेथून फुलांच्या शोभेसाठीं माणसानें त्यास जगभर नेलें. दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया शहरास तर 'जॅकरंडा नगरी' असेंच म्हणतात. ऑस्ट्रेलियांतील ग्राफ्टन गांवीं १९३५ पासून या फुलांचा उत्सव होत आला आहे.

असें असूनही आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघानें हा वृक्ष 'असुरक्षित' वर्गांत घातला आहे. कारण त्याच्या मायभूमींतील रानें तोडून तेथें शेतें केलीं जात आहेत. उलट दक्षिण आफ्रिकेंत तो देशी वनस्पतींवर अतिक्रमण करणारा ठरला असून तेथें त्याच्या नव्या लागवडीस कायद्यानें आळा घातला आहे. एकच वृक्ष एके ठिकाणीं रक्षणास पात्र, तर दुसरीकडे आवरण्याजोगा!

येथें कोणी विचारील कीं, शहरोशहरीं इतकीं झाडें असतां चिंता कशाची? याचें उत्तर आम्ही असें देतों. बागेंतील झाडें बहुधा थोड्याशाच बियांची संतति असतात. रानांत मात्र एकाच जातीच्या झाडांत नाना प्रकारचे गुण असतात. अवर्षण वा रोग आला असतां त्यांतलीं कांहीं टिकतात आणि वंश राखतात. शिवाय रानांतील झाडाभोंवतीं कीटक, पक्षी व इतर वनस्पति यांचा जो संसार असतो, तो रस्त्याच्या कडेला उभा करितां येत नाहीं.

म्हणून झाडाचें नांव कळलें म्हणजे अभ्यास संपला असें समजूं नका; त्याचें घर कोठें आहे व तें शाबूत आहे काय, हेंही विचारा. हाच प्रश्न आपल्या रानांतील टेटू व पाडळ यांविषयींही विचारावयास हवा. दशमुळांत त्यांचीं मुळें पडतात, हें वडील मंडळींस ठाऊक असेल. तीं झाडें मुलांस दाखविण्याचें काम मात्र त्यांनींच करावें, अशी आमची विनंति आहे.