चूक दाखवावी, पण कशी?

प्रश्न: मी अजिंठ्याची, संगणकशास्त्र शिकते. एका मुक्तस्रोत प्रकल्पाला दुरुस्ती पाठवली, तर ‘आधी शिकून या’ एवढंच उत्तर आलं. तक्रार करू की गप्प बसू?

उत्तर: गप्प बसू नका, पण आधी तिथेच विचारा: नेमकं कुठे चुकलं? बिनपगारी राबून थकलेला माणूस कधीकधी तुटक लिहितो. पुन्हा तसंच झालं, किंवा तुम्ही मुलगी असण्यावर, भाषेवर, गावावर शेरा आला, तर मजकूर जपून ठेवा आणि कळवा. कुठे कळवायचं ते बहुतेक प्रकल्पांच्या आचारसंहितेतच दिलेलं असतं.

‘कोड चोख असला की झालं, जिभेचं कोण बघतो’ हा खाक्या बरीच वर्षं चालला. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या जहरी ईमेलींबद्दल माफी मागितली. त्याच महिन्यात लिनक्स कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. तिचा आधार होता २०१४ चा ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट’ हा मुक्तस्रोत प्रकल्पांसाठीचा आचारसंहितेचा नमुना.

हा प्रश्न तसा जुनाच. तुमच्या अजिंठा लेण्यांतले विहार म्हणजे बौद्ध भिक्खूंची राहती घरं. माणसं एकत्र राहिली की कुरबुरी आल्याच. भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक सांगतो, सहकाऱ्याचा दोष काढण्याआधी त्याची परवानगी घ्या; मग योग्य वेळी, खरं तेच, मृदू शब्दांत, त्याच्या हितासाठी, मैत्रीभावाने बोला. चूक झाकायला मात्र त्यात कुठेच सांगितलेलं नाही. तेव्हा दुरुस्ती पुन्हा तपासा, सोबत चाचणी जोडा आणि परत पाठवा.