कुंडींतील मातीचे रहिवासी

पावसाळ्याच्या दिवसांत गुलाबाच्या अगर मोगऱ्याच्या कुंडींतील माती जरा उकरली, कीं तींत कांहींतरी वळवळतांना दिसतें. घरांतील मंडळी घाबरतात; कोणी रॉकेल ओततो, कोणी फिनेल. किडे मरतात खरे. पण त्यांबरोबर मुळेंही जळतात व झाड वाळतें. दोष मात्र किड्यांवर येतो. यास्तव शिक्षेपूर्वीं आरोपी कोण, हें ओळखणें अवश्य आहे.

प्रथम निरुपद्रवी रहिवासी पाहूं. पाणी घालतांच एक-दोन मिलिमीटर लांबीचे पांढुरके जीव टुणकन उडाले, तर भिण्याचें कारण नाहीं. त्यांच्या पोटाखालीं दुमडलेला एक अवयव असतो. तो झटक्यानें सुटला म्हणजे ते वर उडतात. कुजकीं पानें व बुरशी हें त्यांचें अन्न. गांडूळ तर माळ्याचा जुना सोबतीच होय. चार्ल्स डार्विन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें गांडुळें कुंड्यांत पाळून आपल्या अभ्यासिकेंत त्यांचें निरीक्षण केलें व १८८१ सालीं त्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. स्पर्श होतांच वेटोळें करणारा वाणीही मुख्यतः कुजका पालाच खातो. त्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात; गोमेच्या वलयास एकच. हा भेद लक्षांत ठेवावा, कारण गोम चावते, वाणी चावत नाहीं.

आतां उपद्रवी मंडळी. कुंडीभोंवतीं बारीक काळीं चिलटें घिरट्या घालीत असतील, तर मातींत त्यांच्या अळ्या असण्याचा संभव असतो. ह्या अळ्या पांढुरक्या, काळ्या डोक्याच्या असून बुरशीबरोबर कोंवळीं मुळेंही कुरतडतात. ओलावा हाच त्यांचा आधार. म्हणून वरची माती दोन बोटें सुकेपर्यंत पाणी घालूं नये, तळाचें भोंक मोकळें ठेवावें व बशींत सांचलेलें पाणी ओतून टाकावें.

शेणखताबरोबर येणारी हुमणी याहून घातक. ही जाड, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी अर्धचंद्रासारखी वांकलेली असते व मुळें खाते. पाणी मिळूनही झाड मान टाकूं लागलें, तर तें मातीसह हलकेंच काढून हुमणी वेंचावी आणि चांगलें मुरलेलें खत घालून झाड पुन्हां लावावें.

मुंग्यांची गोष्ट निराळी. पिठ्या ढेकणांच्या अंगांतून स्रवणाऱ्या गोड रसासाठीं त्या त्यांचें रक्षण करितात. मुंग्यांची रांग झाडावर चढतांना दिसल्यास पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके शोधावे व ओल्या फडक्यानें पुसून काढावे. मातींतच वारूळ असेल, तर कुंडी कांठापर्यंत पाण्याच्या बादलींत अर्धा तास ठेवून नंतर नीट निथळूं द्यावी.

घरीं करावयाचा प्रयोग : कच्च्या बटाट्याची एक चकती मातीवर दाबून ठेवा. दोन-तीन दिवसांनीं ती उलटून भिंगानें पाहा. काळ्या डोक्याच्या अळ्या दिसल्यास चकती त्यांच्यासह फेंकून द्या व नवी ठेवा. जे जीव आढळतील त्यांचे पाय मोजा, चित्र काढा आणि ते काय खातात तें वहींत लिहा. ही नोंद वडील मंडळींस दाखवा. म्हणजे रॉकेलच्या बाटलीस हात घालण्यापूर्वीं तिची गरज नाहीं, हें त्यांसही दिसून येईल.