होडीच्या तळाचे बूच

आपल्या भागातल्या नद्या तुम्हाला ठाऊक आहेत. पवना चिंचवडवरून वाहते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून जाते. भामा चाकणच्या उत्तरेला आहे. या साऱ्यांचे पाणी शेवटी भीमेला मिळते आणि पुढे उजनीच्या धरणात जाते.

पवना, भामा आसखेड, चासकमान अशी धरणे झाली आणि जिथे शेते होती तिथे पाणी पसरले. तिथे होडी लागतेच. कुणी मासे धरतो. कुणाला पलीकडच्या काठाला जायचे असते. पुरात वस्तीत पाणी शिरले, तर माणसे काढायलाही होडीच लागते.

दि. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कळाशी आणि कुगाव या गावांच्या दरम्यान एक प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसे बुडून मेली. एक जण पोहून काठाला लागला. वारा कुणाच्या हातात नाही. पण आपली होडी हलकी आणि कोरडी ठेवणे आपल्या हातात आहे. या धड्यात तेच पाहू.

पाण्याचे ओझे

होडीत पाणी कसे येते? पाऊस पडतो. लाट उडते. सांधा सैल होतो. एखादा स्क्रू निघतो, त्याचे भोक तसेच राहते. थेंब थेंब पाणी तळाला साचते.

आता हिशेब करा. होडीचा तळ सपाट आहे. तो ४ मीटर लांब आणि १ मीटर रुंद आहे. त्यात १० सेंटिमीटर पाणी साचले. ते किती झाले? ४०० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. म्हणजे ४०० किलो झाले. पन्नास किलोची आठ पोती होडीत ठेवल्यासारखे झाले!

पण पोते बरे. पोते ठेवले तिथे राहते. पाणी राहत नाही. घरी परातीत दोन बोटे पाणी घ्या आणि परात उचलून चाला. परात जरा कलली, की सारे पाणी त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. होडीतही हेच होते. वारा होडीला कलवतो, आतले पाणी त्याच अंगाला धावते, आणि होडी सावरत नाही.

न दिसणारे पाणी

लाकडाच्या होडीतले पाणी दिसते. डब्याने ते उपसता येते. पण फायबरच्या पुष्कळ होड्यांना दोन तळ असतात. वर पाय ठेवायचा तळ, खाली पाण्याला लागणारा तळ, आणि मध्ये पोकळी. काही होड्यांत त्या पोकळीत फोम भरलेला असतो. तिथे शिरलेले पाणी दिसत नाही, उपसताही येत नाही. फोम तर ते पिऊन बसतो.

मग ओळखायचे कसे? होडी पूर्वीपेक्षा खोल बसते. काठावर ओढताना जड लागते. हलवली तर आत डुचमळल्याचा आवाज येतो. यांतली एक जरी खूण दिसली, तरी होडी काठावर घ्यावी.

भोक पाडायचे?

यावर उपाय म्हणजे तळाला भोक पाडून त्याला बूच बसवणे. इथे कुणीही म्हणेल, "आवो गुरुजी, होडीला भोक पाडायचं म्हंजी होडी बुडणारच की!"

शंका बरोबर आहे. पण चाकणच्या, भोसरीच्या कारखान्यांत आपली मुले कामाला जातात, त्यांना विचारा. मोटारसायकलीच्या इंजिनाच्या तळाला एक बोल्ट असतो. तो काढला की जुने तेल गळून जाते. वॉशर घालून तो घट्ट बसवला, की थेंबही गळत नाही. होडीचे बूच असेच असते. ते काठावर उघडायचे आणि पाण्यात बंद ठेवायचे.

बूच कसे बसवावे

१. होडी काठावर घ्या. पुढचे टोक दगडांवर उचलून ठेवा. मागचा भाग खाली येईल. पाणी उताराकडे जाते, म्हणून मागच्या फळीत, अगदी तळाजवळ, मधोमध जागा ठरवा.

२. बूच आधी आणा, भोक मागून पाडा. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे आट्याचे बूच त्याच्या बैठकीसह घ्यावे. ते साधारण एक इंची असते. बैठक मोजून तेवढेच भोक पाडा.

३. होडी ओली असते. विजेच्या तारेचे ड्रिल लावू नका, झटका बसेल. बॅटरीचे किंवा हाताचे ड्रिल घ्या. फायबरची धूळ छातीला वाईट. नाकातोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा.

४. भोक पडले की पाणी येईल. ते थांबत थांबत आले, तर तेलाचा डबा आठवा. डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात येते. वर दुसरे भोक पाडले की धार लागते. तसेच पोकळीला वरच्या अंगाला एक लहान भोक ठेवावे. त्यालाही झाकण हवेच.

५. पोकळी वाळू द्या. घाई करू नका. फोम ओला असेल तर दिवस लागतात.

६. मागच्या फळीच्या आत पुष्कळदा लाकूड असते. भोकाच्या कडेला ते उघडे पडते आणि पाणी पिऊन कुजते. म्हणून कडेला रेझिन लावून वाळवा. मग पाण्यात टिकणारे सीलंट लावून बैठक स्क्रूने बसवा.

७. बुचाला रबरी वॉशर घाला. बूच साखळीने होडीलाच बांधा.

होडी लोखंडी पत्र्याची असेल, तर आट्याचा सॉकेट वेल्डिंग करून घ्यावा. पण पूर्ण बंद पोकळीवर वेल्डिंग करू नये. आतली हवा तापून फुगते आणि पत्रा फुटतो. आधी हवा जायला वाट करावी.

निघताना एक हात बुचाला

बूच विसरले तर काय होईल? भोक पाण्याखाली एक वीत असेल, तर एक इंची भोकातून मिनिटाला तीन-चार बादल्या पाणी आत येते. पाव तासाच्या आतबाहेर आठ पोत्यांचे ओझे होडीत भरते. तोवर तुम्ही मध्यावर पोचलेले असता.

म्हणून होडी पाण्यात ढकलण्याआधी बूच हाताने चाचपून पाहावे. नुसते डोळ्यांनी पाहू नये, आणि दुसऱ्याने लावले असेल असे समजू नये. एक निमुळता लाकडी खुंटा, फडके आणि उपसायचा डबा होडीत नेहमी असावा. मध्यावर पाणी येऊ लागले, तर खुंट्याला फडके गुंडाळून भोकात ठोकावा, पाणी उपसावे आणि जवळचा काठ गाठावा. कुणी उभे राहू नये. लाइफ जॅकेट तर काठावरच घालून निघावे.

बूच लहान आहे. त्याला पैसाही फार लागत नाही. पण होडीत बसलेल्या साऱ्यांचा जीव त्याच्यावर असतो.

प्रश्न

१. होडीतले पाणी पोत्यापेक्षा धोक्याचे का?
२. दोन तळांच्या होडीत पाणी साचल्याच्या खुणा कोणत्या?
३. तळ ५ मीटर लांब, १ मीटर रुंद आहे. पाणी १० सेंटिमीटर आहे. वजन किती किलो?
४. तुमच्या गावच्या होडीला बूच आहे का? जाऊन पाहा, आणि वर्गात चार ओळी लिहून आणा.